वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना गावातल्या कार्यालयांची दारे उघडी हवीत

महोदय,

वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमातले एक सत्र विद्यार्थ्याने वास्तुविशारदाच्या कार्यालयात प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी काढायचे असते. हे सत्र जवळ आले, की आमच्या भागातली मुले-मुली पुण्या-मुंबईच्या कार्यालयांना पोर्टफोलिओ पाठवू लागतात. अनेकांना साधे उत्तरही येत नाही. ज्यांची ओळख असते त्यांची सोय लागते, बाकीचे मिळेल तिथे रुजू होतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, इचलकरंजी या गावांत निष्ठेने आणि उत्तम काम करणारे वास्तुविशारद आहेत. पण त्यांच्या कार्यालयाचा जिना विद्यार्थी चढत नाहीत आणि तेही महाविद्यालयात फिरकतात ते वर्षातून एखाद्या ज्युरीला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाच्या परीक्षणाला, पाहुणे म्हणून. मी कोल्हापुरात व्यवसाय करतो आणि अभ्यागत अध्यापक म्हणून शिकवतोही. एकाच गावातले हे दोन वर्ग एकमेकांना इतके अनोळखी राहावेत, याची खंत वाटते म्हणून हे पत्र.

या व्यवसायाचा आपल्याकडचा इतिहास पाहिला तर हा दुरावा अधिकच खटकतो. आज देशभर शाखा असलेली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ ही संस्था १२ मे १९१७ रोजी मुंबईत स्थापन झाली, तेव्हा तिचे नाव ‘आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन’ असे होते. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी ती उभी केली आणि गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे १९२२ मध्ये ती बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाली आणि १९२९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. म्हणजे आपल्याकडे व्यावसायिकांची संघटना जन्माला आली तीच वर्ग आणि व्यवसाय यांच्या उंबरठ्यावर. त्या संस्थेच्या स्थानिक केंद्रांनी विद्यार्थ्यांना आपलेसे करावे, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही.

वर्गात काय राहून जाते, हे एका उदाहरणाने सांगतो. चौथ्या वर्षाची एक हुशार विद्यार्थिनी माझ्या एका साईटवर येत असे. तिच्या नकाशात खोल्यांची मांडणी नेटकी होती, उजेड-वाऱ्याचा विचार होता, पण न्हाणीघराचा स्लॅब शेजारच्या खोलीच्याच पातळीला दाखवलेला होता. प्लंबरने नकाशा हातात घेतला आणि एवढेच विचारले, “मॅडम, नहाणी ट्रॅप बसवायचा कुठे?” नहाणी ट्रॅप म्हणजे न्हाणीघरातले पाणी वाहून जाण्यासाठी जमिनीत बसवायचे भांडे. मग त्याने तिला पलीकडे चालू असलेल्या कामावर नेले, खाली घेतलेला स्लॅब दाखवला, त्यातून पाइप कसे जातात, उतार कसा देतात, वॉटरप्रूफिंग नीट झाले नाही तर खालच्या छताला ओल कशी धरते, हे हाताने दाखवत समजावले. पुढच्या आठवड्यात तिने आपला सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, पुन्हा काढला, आणि तो केवळ त्या न्हाणीघरापुरता सुधारलेला नव्हता. प्रत्येक मजल्यावर पाणी कुठून येते आणि कुठे जाते याचा विचार त्यात उतरला होता. बांधकामाच्या पुस्तकात अशा खाली घेतलेल्या, म्हणजे सन्क स्लॅबची आकृती असते, तिने ती परीक्षेत काढलीही होती; परंतु सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅब ओतण्यासाठी बांधलेल्या तात्पुरत्या आधारावर, उभे राहून जे कळते ते आकृतीतून कळत नाही.

परवानगीच्या कामाचेही तसेच आहे. मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), चटई क्षेत्र (किती बांधता येईल ते), पार्किंग, जिन्याची रुंदी, सारे काही त्यातून ठरते. आमचे कितीतरी विद्यार्थी ती पहिल्यांदा उघडतात ते पदवी हातात आल्यावर. नगररचना विभागाने नकाशावर काढलेल्या त्रुटी वाचून त्यांची पूर्तता करण्याचे काम एकदा जवळून पाहिले, तर नियम ही डिझाइनच्या आड येणारी कटकट न वाटता डिझाइनचाच भाग वाटू लागतो.

प्रशिक्षणाच्या सत्रात हे सगळे व्हावे अशी कल्पना आहे, पण त्या काळात विद्यार्थ्याने नेमके काय पाहावे आणि काय करावे, यावर कोणाचेच पुरेसे लक्ष नसते. संगणकावर इमारतीची थ्रीडी चित्रे चांगली काढता येतात म्हणून महिनोन्‌महिने तेच काम करवून घेतलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. एकही साईट न पाहता ते प्रमाणपत्र घेऊन परतले. काही ठिकाणी विद्यावेतन इतके तुटपुंजे असते, की खोलीचे भाडे आणि मेस घरूनच भागवावी लागते, आणि शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्या घरातला मुलगा चांगल्या कार्यालयात निवड होऊनही माघार घेतो. वास्तुविशारदांची नोंदणी करणाऱ्या वास्तुकला परिषदेच्या १९८९ च्या व्यावसायिक वर्तनविषयक विनियमांत, वास्तुविशारदाने आपल्या कर्मचाऱ्यांना योग्य वातावरण आणि न्याय्य मोबदला द्यावा व त्यांच्या व्यावसायिक वाढीस साहाय्य करावे, असे म्हटलेले आहे. प्रशिक्षणार्थी कर्मचारी आहे की नाही, या वादात शिरण्याचे कारण नाही. कार्यालयात बसून काम करणाऱ्या तरुणाला त्या विनियमांचा आशय लागू व्हायलाच हवा.

हे एक सत्र इतके मोलाचे का, तेही सांगायला हवे. अमेरिकेत परवान्यासाठी सहसा ३,७४० तासांचा अनुभव दाखवावा लागतो आणि तो सहा निरनिराळ्या क्षेत्रांत विभागलेला असतो. त्यात कार्यालयाचे व्यवस्थापन आहे तसे प्रत्यक्ष बांधकामही आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त पदवी मिळाली, की वास्तुकला परिषदेकडे नोंदणी करून तरुण स्वतंत्रपणे व्यवसाय सुरू करू शकतो. ती मोकळीक मला मान्य आहे, लहान गावातल्या होतकरू मुलांना तिचा आधारही आहे. पण त्यामुळेच पदवीपूर्वीचे ते सत्र वाया जाणे आपल्याला परवडणारे नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यातील वास्तुविशारदांच्या संघटनेने दरवर्षी आपल्या सभासदांकडून लेखी विचारून घ्यावे, की कोण किती विद्यार्थी घेईल, विद्यावेतन किती देईल आणि कोणती कामे दाखवू शकेल. विद्यार्थ्याने साईट, अंदाजपत्रक, परवानगी आणि वर्किंग ड्रॉइंग (बांधकामासाठीचे तपशीलवार नकाशे) या चारही ठिकाणी ठराविक काळ घालवला, याची नोंदवही महाविद्यालयाने मागावी आणि ती वाचावीही. कार्यालय लहान असेल तर दोघा-तिघांनी मिळून एक विद्यार्थी वाटून घ्यावा. शिवाय स्लॅब टाकायचा दिवस महाविद्यालयाला आधी कळवायला काहीच खर्च येत नाही. त्या दिवशी पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा वर्ग तिथे असावा.

विद्यार्थ्यांकडेही देण्यासारखे बरेच आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या लुई कान करंडक स्पर्धेसाठी मुले जुन्या वास्तूंची मोजमापे घेऊन काटेकोर रेखाटने करतात. अशी रेखाटने स्पर्धा संपल्यावर महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहतात, आणि त्याच गावात एखाद्या वाड्याच्या दुरुस्तीचे काम हाती घेतलेला वास्तुविशारद पहिल्यापासून टेप धरून बसतो. दोघांची गाठ पडली असती तर वाड्याचेही भले झाले असते.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला संकोच केला जातो. आज वर्गात मुलींची संख्या निम्म्याहून अधिक असणे नवलाचे राहिलेले नाही, पण आमच्या कितीतरी साईटवर त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नसते. मग त्या दिवसभर पाणी पीत नाहीत किंवा साईटवर जाणेच टाळतात, आणि ‘मुलींना साईट जमत नाही’ असा शेरा मारला जातो. मजूर स्त्रियांचीही हीच अडचण आहे. काम सुरू होतानाच तात्पुरते स्वच्छतागृह बांधण्याची तरतूद अंदाजपत्रकात करून घेणे हे आम्हा वास्तुविशारदांच्या हातात आहे.

कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील व्यवसायबंधूंनी आणि भगिनींनी पुढच्या प्रशिक्षण सत्राआधी अशी यादी तयार करून ती महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लावावी, अशी विनंती मी आपल्या पत्राद्वारे करतो. त्या यादीत माझ्या कार्यालयातील दोन जागा धराव्यात.

– एक वास्तुविशारद व अभ्यागत अध्यापक, कोल्हापूर