कोर्टात न जाणारी वकील

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, कोर्टात जात नाहीस, काळा कोट घालत नाहीस, मग वकिली करतेस तरी कसली, असं तुम्ही परवा पुन्हा विचारलंत. फोनवर मी हसण्यावारी नेलं. पण ही शंका तुमच्या एकट्याची नाही बरं का. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं, की कंपनीच्या पगारावरचा वकील बाहेरच्या वकिलाइतका स्वतंत्र नसतो. म्हणून तिथल्या स्पर्धा कायद्याच्या चौकशीत त्याने कंपनीला दिलेला सल्ला गोपनीय धरत नाहीत. मला तो निकाल पटत नाही, पण तुम्हाला आवडेल.

आमची बँक एका देशातले पैसे दुसऱ्या देशात पोचवते. नोटा कुठेच जात नाहीत. बँकांची एकमेकींकडे खाती असतात, त्यांत जमा-नावे होतं. 'स्विफ्ट' या बँकांच्या संदेशजाळ्यावरून जातात ते निरोप, पैसा नव्हे. माझ्या डोक्याला खुराक एकच : पैसे मिळाले, असं कायद्याने नेमकं कधी म्हणायचं?

तुम्ही हिशेबात मुरलेले, म्हणून सांगते. २६ जून १९७४ ला जर्मनीतली हेरस्टाट बँक सरकारी यंत्रणेने बंद केली. तिकडे बँकांचा दिवस संपला होता, न्यूयॉर्कमध्ये अजून सकाळच होती. तिच्याशी चलनांचा सौदा केलेल्या बँका जर्मन मार्क देऊन बसल्या होत्या, बदल्यात यायचे डॉलर आलेच नाहीत. त्या हादऱ्यानंतर बँकांवरच्या देखरेखीसाठी देशोदेशींची बासेल समिती नेमली गेली. पण दोन्ही चलनं एकदमच हात बदलतील अशी 'सीएलएस' व्यवस्था सुरू व्हायला २००२ उजाडलं. संगणक जोडणं त्यातलं सोपं काम असावं, असं मला वाटतं. कारण काही देशांत दिवाळखोरीचा आदेश त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासूनच लागू धरत. म्हणजे सकाळी रीतसर मिळालेली रक्कम दुपारच्या आदेशाने परत मागता येई! युरोपने पैसे चुकते करण्याच्या मान्यताप्राप्त व्यवस्थांपुरती ही पळवाट १९९८ मध्ये बंद केली.

नव्या देशात काम सुरू करायचं म्हटलं, की मी आधी तिथला दिवाळखोरीचा कायदा उघडते. व्यवसाय बघणाऱ्या मंडळींना तारीख हवी असते, आणि मी विचारते, समोरची बँक बुडाली तर? 'लीगलने अडवलं' हे वाक्य आमच्याकडे रोजचंच. अडवण्याचाही पगार मिळतो, असं मी त्यांना सांगते.

आई, आता तुझ्या मैत्रिणीच्या मुलाचं. त्याचे पैसे बँकेने अडवून ठेवलेत म्हणालीस. त्याचे पैसे आमच्याकडे असते तरी मी ते खातं उघडून पाहिलं नसतं, आणि नियमाने पाहताही येत नाही. बहुतेक वेळा निर्बंधांच्या यादीतल्या, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहाराला मनाई असते अशा, कुणाशी नाव जुळतं, एवढंच असतं. जन्मतारीख, पत्ता ताडून पाहिला की सुटतं. पण कधी बँकेला गैरव्यवहाराचा संशय येतो आणि ती तसा अहवाल सरकारी यंत्रणेला पाठवते. मग ते ग्राहकाला कळवणं हाच अनेक देशांत गुन्हा ठरतो. बँकेचा माणूस 'तपासणी सुरू आहे' याच्यापुढे सरकत नाही, तो उद्धटपणा असेलच असं नाही. मुलाला सांग, बँकेच्या माणसावर ओरडू नकोस. पैसे कशाचे, कुणाकडून आले, याची बिलं आणि करार मागितले असतील तर आजच पाठव. रक्कम तुकड्यातुकड्यांत पाठवून बघ, असं कुणी सुचवलं तर मुळीच ऐकू नकोस. त्याने संशय वाढतो.

रविवारी फोन करते.

तुमची,
धाकटी