खांदेरीची बत्ती

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जहाजाने मुंबई सोडली त्या रात्री फोनवर म्हणाली होतीस, "बाबा, डाव्या हाताला खांदेरीची बत्ती दिसतेय. आता रेंज जाईल." आणि गेलीच. तेव्हापासून ती बत्ती मनात होती. रविवारी त्या बेटावर जाऊन पाहून आलो.

अलिबागजवळच्या थळहून कोळ्यांच्या होडीने गेलो. बेटाजवळ लाटा अंगावर येतात. तटाबाहेरच्या दगडांवर कालवं धरलीत, पाय पडला तर सोलूनच निघतो. नाखव्याने दंडाला धरून उतरवलं. उतरल्यावर तो आधी वेताळाच्या देवळात गेला, मग मीही गेलो. तुझं नाव घेऊन नारळ ठेवला.

दीपगृह १८६७ चं. खाली इमारत आणि तिच्यावर अष्टकोनी मनोरा, सारी उंची २५ मीटरच्या आसपास. तिथल्या कर्मचाऱ्याने फार मायेने समजावलं. दिव्याचा उजेड चहूकडे विखुरतो, तो भिंगं गोळा करतात आणि क्षितिजाकडे आडवा फेकतात. फ्रेस्नेल नावाच्या फ्रेंच माणसाची ही युक्ती. आणि अशा भिंगांना दिवसा पडदे लावून ठेवतात, हे मला ठाऊकच नव्हतं. नाहीतर बाहेरचं ऊन त्याच भिंगांतून आत एकवटतं आणि आग लागू शकते. तू हे शिकली असशील, पण मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

वरून उत्तरेला मुंबई, समोर उंदेरीचं बेट. इथे उभं राहिल्यावर कळतं, शिवाजी महाराजांनी किल्ल्यासाठी हाच खडक का निवडला. मुंबईत शिरणारं जहाज इथून सुटत नाही. १६७९ मध्ये महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीने बांधकामाला हात घातला आणि इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जहाजं मोठी, तोफा भारी. आपली माणसं मात्र काळोखात लहान होड्या वल्हवत त्यांच्या मधून रसद आणत राहिली. ऑक्टोबरच्या लढाईत दौलतखानाच्या आरमाराने त्यांचं 'डोव्हर' नावाचं गलबतही धरलं. ज्या खडकावर आपल्या लोकांना अंधाराने तारलं, तिथेच १८८ वर्षांनी इंग्रजांच्या राज्यात दिवा लागला. मी बराच वेळ त्या कठड्याशी उभा होतो.

तू बोटीवर जायचं म्हणालीस तेव्हा मी चार महिने तुझ्याशी नीट बोललो नाही. समुद्रावर मुलीने काय करायचं, असंही म्हणालो. ते चुकलं माझं. फोनवर मला हे कधी जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

परतल्यावर अंधार पडेपर्यंत थळच्या वाळूतच बसलो. बत्ती लागली. प्रत्येक दीपगृहाच्या झोताची लय निराळी असते, त्यावरून ते ओळखायचं, हे तूच शिकवलंस. म्हणून घड्याळ हातात धरून खांदेरीची लय मोजली, वहीत लिहून ठेवलीय. पुढच्या वेळी जहाज इथून जाईल तेव्हा तूही मोज आणि कळव. आपले आकडे जुळतात का बघू.

आईने मेतकूट आणि भाजणी भरून ठेवलीय. सुट्टी कधी ते सांग.

तुझा,
बाबा