काचबिंदूचे थेंब बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर मिळू द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मोतीबिंदूच्या रुग्णासाठी गावात गाडी येते. शिबिरात नाव लिहून घेतात, रुग्णालयात नेतात, लेन्स बसवतात आणि काळा चष्मा घालून घरी आणून सोडतात. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना यामुळे पुन्हा दिसू लागले. त्याबद्दल आरोग्य खात्याचे ऋण मी मनापासून मानते. पण त्याच शिबिरात ज्याला काचबिंदू निघतो, त्याच्या हाती फक्त चिठ्ठी पडते. पुढचे त्याचे त्याने बघायचे.

माझी आई अशा चिठ्ठीवाल्यांपैकी एक. डाव्या डोळ्याने तिला आता समोरचे तेवढे दिसते, बाजूने येणारी मोटारसायकल दिसत नाही. काचबिंदूत डोळ्याच्या आतले पाणी (अश्रू नव्हेत) नीट निचरत नाही, आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकत जाते. बहुतेकांना दुखत काहीच नाही. नजर कडेकडून जाते, एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, आणि माणूस तपासायला येईपर्यंत बरीच नस गेलेली असते. गेलेली नजर शस्त्रक्रियेनेही परत येत नाही. उरलेली राखायची तर दाब रोज आटोक्यात हवा, आयुष्यभर.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याचे काम आजही मुख्यतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या आकड्यांवर मोजले जाते. ती शस्त्रक्रिया एका दिवसात होते. काचबिंदूच्या थेंबांची बाटली मात्र साधारण महिन्याला संपते. डोळ्याचा दाब उतरवणाऱ्या थेंबांपैकी टिमोलॉल आमच्याकडे सरकारी दवाखान्यात कधी असते, कधी नसते. लॅटॅनोप्रोस्ट हे दुसरे औषध बाहेरूनच आणावे लागते. हातावर पोट असलेल्या घरात पैसे कमी पडले की आधी हे थेंब बंद होतात, कारण डोळा काही दुखत नसतो.

माझी मागणी एकच आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दरमहा मिळतात. तिशीपुढच्या माणसांची तपासणी होते, नोंद राहते, गोळ्या न्यायला कोणी आले नाही तर आशाताई घरी विचारायला येतात. काचबिंदूचा रुग्ण त्याच नोंदवहीत घ्या. पुष्कळदा माणसेही तीच असतात. शिवाय टिमोलॉल डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात उतरते. नाडी मंदावते, दमेकऱ्याला धाप लागू शकते. म्हणजे बीपीची गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांना या थेंबांची माहिती असलीच पाहिजे. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरायचा, म्हणजे औषध रक्तात कमी जाते. आईला हे एका सिस्टरने दाखवले, तेही उपचार सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर. आशाताई हे पहिल्याच आठवड्यात शिकवू शकतील.

मात्र नुसती डोळ्याचा दाब मोजायची यंत्रे वाटून भागणार नाही. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा दाब ठीक मानतात, पण २१च्या आत असूनही नस सुकलेले रुग्ण आपल्या देशात पुष्कळ आहेत. उलट दाब जास्त असून नस शाबूत असलेलेही असतात. त्यांना घाबरवून सोडायचे नाही, लक्ष ठेवायचे. म्हणून नस पाहणारे डॉक्टर आणि फील्ड तपासणीचे, म्हणजे कडेचे किती दिसते ते मोजणारे, चालू स्थितीतले यंत्र प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवे. सगळ्या गावाची तपासणी एकदम झेपणार नाही, हे मला कळते. आधी रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना आणि चाळिशीपुढच्या मुलांना बोलवा. त्यांना धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. आईचे निदान झाले तेव्हा आम्हा भावंडांना कोणीच तपासून घ्यायला सांगितले नव्हते.

आणखी एक, औषध प्रशासन आपल्या खात्यात नसले तरी. मुलांचे डोळे लाल झाले, खाजू लागले की दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब आणले जातात. लगेच बरे वाटते, म्हणून महिनोन्महिने घातले जातात, आणि त्यानेच काही मुलांचा दाब चढून नस कायमची जाते. शाळकरी वयात आलेले हे आंधळेपण पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे. कृपया हा विषय मंत्रिमंडळात मांडा.

दर मार्चमध्ये काचबिंदू सप्ताह असतो. येत्या मार्चच्या आत निदान एका जिल्ह्यातल्या सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या औषधखरेदीत टिमोलॉल आणि लॅटॅनोप्रोस्ट बारा महिन्यांच्या हिशेबाने घ्यावे, आणि कोणत्या रुग्णाने थेंब नेले, कोणी नेले नाहीत, हे बीपीच्या नोंदीशेजारी लिहिले जावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
काचबिंदूच्या एका रुग्णाची मुलगी