‘१०० टक्के जुळले’ म्हणजे मासा ओळखला असे नव्हे

महोदय,

गणेश पेठेतल्या घाऊक बाजारापासून हॉटेलातल्या फिलेपर्यंत मासळीची डीएनए चाचणी व्हावी, ही मागणी रास्तच आहे. पापलेट म्हणून हलवा विकला असेल तर ही चाचणी तो लगेच पकडते, कारण दोघांची कुळेच वेगळी. खरी पंचाईत होते ती सख्ख्या जातींमध्ये.

बहुतेक प्रयोगशाळा मायटोकाँड्रियातल्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकातल्या) सीओआय या जनुकाचा सुमारे 650 डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचतात आणि साठवलेल्या नोंदींशी जुळवून पाहतात. त्यात 2 टक्क्यांहून, म्हणजे साधारण 13 अक्षरांहून, जास्त फरक दिसला की जाती वेगळ्या, असा ढोबळ संकेत आहे. कुप्याच्या (ट्यूनाच्या) थुन्नस वंशात तो कोलमडतो. तिथे वेगळ्या जातींतही फरक याहून बराच कमी भरतो. त्यात मायटोकाँड्रिया येतो आईकडून, त्यामुळे संकर झालेल्या माशाच्या अहवालात आईचीच जात उमटते. अटलांटिक ब्लूफिन या कुप्याच्या काही माशांत अल्बाकोर या दुसऱ्या कुप्याच्या वळणाचा मायटोकाँड्रिया सापडतो तो जुन्या संकरामुळेच. अशा वेळी आयटीएस1 सारखा पेशीच्या केंद्रकातला मार्कर, म्हणजे आईवडील दोघांकडून येणारा ओळखीचा डीएनए तुकडा, जोडीला हवाच.

आपल्या पापलेटचेच पाहा. 2023 मध्ये त्याला राज्यमासा घोषित केले तेव्हा शास्त्रीय नाव पॅम्पस अर्जेंटियस असे दिले गेले. अलीकडच्या वर्गीकरण अभ्यासांत मात्र भारतीय किनाऱ्यावरचे पापलेट पॅम्पस कँडिडस या नावाखाली मांडले आहे. जेनबँकेत, म्हणजे डीएनए नोंदींच्या जागतिक खुल्या संग्रहात, जुन्या नोंदी जुन्याच नावाने पडून आहेत, आणि नोंद करणाऱ्याने मासा नीट ओळखला होता का, हे तिथे तपासले जात नाही. मग एकच मासा आज एका नावाशी तर उद्या दुसऱ्या नावाशी ‘१०० टक्के’ जुळतो. दोष यंत्राचा नसतो, तुलनेच्या नोंदीचा असतो.

नमुन्यातही गफलत होते. प्रत्येक माशासाठी नवे ब्लेड घेऊन कातडीखालचे 25 ते 50 मिलिग्रॅम मांस काढावे आणि निदान दसपट 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावे. मांसातल्या पाण्याने इथेनॉल पातळ होते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदलावे. फॉर्मालिन अजिबात नको. तळलेल्या किंवा डबाबंद माशात डीएनए तुटलेला असतो, 100-200 अक्षरांवर भागवावे लागते. फरकाची अक्षरे नेमकी त्या तुकड्याबाहेर राहिली तर दोन जाती एकच दिसतात. कोळंबी-खेकड्यांत आणखी एक फसगत आहे: सीओआयची निकामी प्रत केंद्रकात असते आणि कधी तीच वाचली जाते. डीएनए वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात दुहेरी शिखरे किंवा जनुकाच्या मध्येच थांबा-संकेत (प्रथिन बनवणे थांबवणारी अक्षरे) दिसला की तो निकाल बाजूला ठेवावा.

म्हणून अन्न तपासणीच्या अहवालात जनुकाचे नाव, वाचलेली लांबी, दुसरा मार्कर, जुळलेल्या नोंदीचा क्रमांक आणि मिळाल्यास अख्ख्या माशाचा फोटो सक्तीचा करावा. वादाच्या प्रकरणात मासा जपून ठेवून आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रातल्या तज्ज्ञांकडून पराचे काटे आणि कल्ल्यांची रचना तपासून घ्यावी. एवढे करूनही जात वेगळी काढता आली नाही, तर अहवालात फक्त वंशाचे नाव लिहावे आणि त्यावरून कुणाही विक्रेत्यावर कारवाई करू नये.

— एक वाचक, औंध, पुणे