कचराळीच्या कोपऱ्यावरच्या रोपवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

तुमचं नाव मी कधी विचारलं नाही, तुम्हीही माझं विचारलं नाहीत. ठाण्यात पाचपाखाडीत, कचराळी तलावाच्या कोपऱ्यावर तुमची हातगाडी उभी असायची, तेवढीच आपली ओळख. दिवाळीनंतर गाडी दिसली नाही, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. कुणी तुम्हाला वाचून दाखवलं तर बरं होईल.

गेल्या वर्षी आषाढात, भर पावसात मी तुमच्याकडे आले आणि म्हटलं, "जास्वंदीचं चांगलंसं रोप द्या. एक मेलं, दुसरं मरायला टेकलंय." गाडीवर कळ्यांनी लगडलेली दोन रोपं होती, आणि अशा पावसात दुसरं कोण गिऱ्हाईक येणार होतं? तरी तुम्ही विचारलंत, "वाळून चाललंय की ओल्या मातीत मान टाकून?" मला प्रश्नच कळला नाही. "मग आधी तेच घेऊन या," म्हणालात. विकायला बसलेला माणूस विकत नाही म्हणतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

खरं सांगते, त्या झाडाला मी काय काय घातलं नव्हतं! आमच्या सोसायटीत जास्वंदीवर प्रत्येकाकडे रामबाण उपाय असतो. ताक झालं, अंड्याची टरफलं झाली, केळ्याची सालं झाली. मे महिन्यात पश्चिमेच्या बाल्कनीत काळी प्लास्टिकची कुंडी हाताला चटका द्यायची, म्हणून दिवसातून तीनदा पाणी. त्याच सुमारास कळ्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी आलं आणि कळ्या न उमलताच गळू लागल्या. मग पाऊस लागला, आणि कुंडीखालची ताटली मी एकदाही काढली नाही. बाल्कनीची फरशी खराब होऊ नये म्हणून!

तुम्ही फुटपाथवर वर्तमानपत्र पसरून कुंडी उपडी केलीत. काळी माती विटेसारखी एकसंध निघाली, आणि तो वास अजून आठवतो, तुंबलेल्या गटारासारखा. मुळं तपकिरी, बोटानं ओढली की साल हातात येत होती. मूठभर पांढरी मुळं तेवढी शिल्लक. "झाड उपाशी नाही, ताई. गुदमरलंय," म्हणालात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की ती मिळत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जो तो काय घालायचं तेवढं सांगत होता.

मग कुजलेली मुळं कापलीत, आणि मुळं कमी झाली म्हणून वरच्या फांद्याही तिसरा हिस्सा छाटल्यात. माझा जीव खालीवर. "फूल नव्या फुटव्यावरच येतं, रडू नका." लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडं गांडूळखत, विटांचे बारीक तुकडे, तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा. कुंडी दोन विटांवर ठेवा, ताटली फेकून द्या, महिनाभर खत नाही, आणि पाणी घालायचं ते बोट पेरभर मातीत घालून, कोरडं लागलं तरच. सगळ्याचे साठ रुपये घेतलेत.

त्या पांढऱ्या कापसाला पिठ्या ढेकूण म्हणतात, हेही तिथेच कळलं. मुंग्या त्याच्या गोड चिकट रसासाठी त्याची राखण करतात, आणि त्या मुंग्यांना मीच बोलावलं होतं, दूध-साखरेच्या चहाचा न धुतलेला चोथा कुंडीत टाकून. तुमच्या सांगण्याप्रमाणे या उन्हाळ्यात आधी साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं घासून काढलं, मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, तेही ऊन उतरल्यावर. दर आठवड्याला करावं लागलं. एकदा फवारून काम होतं असं म्हणणाऱ्यांवर माझा आता विश्वास नाही.

गेल्या वर्षी गणपतीला फूल मिळालं नाहीच. सासूबाईंनी जांभळी नाक्यावरून विकत आणली आणि माझ्याकडे एकदा बघितलं. पहिलं फूल नवरात्रात आलं, पिवळं, तळहाताएवढं.

आणि ती काडी! निघताना गाडीवरच्या गावठी लाल जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी तुम्ही तिरकी कापलीत, खालची पानं काढलीत आणि फुकट हातात दिलीत. "ही लावा. पावसात जगते. ते पिवळं कलमी आहे, नखरे करणार." खरंच, महिन्याभरात फुटली. यंदा गणपतीत दीड दिवस तिचीच फुलं वाहिली. सासूबाई आदल्या संध्याकाळी टपोऱ्या कळ्या काढून ठेवायच्या, सकाळी पाण्याशिवाय उमललेल्या असायच्या. माझ्याकडे यंदा दोनदा बघितलं, पण वेगळ्या नजरेनं.

तुमचे आभार कसे मानू, मामा? त्या दिवशी एक रोप खपलं असतं, ते तुम्ही जाऊ दिलंत आणि अर्धा तास पावसात उकिडवे बसलात.

श्रावणात मी त्या लाल जास्वंदीच्या तीन काड्या लावल्या. एक कुजली, एक शेजारच्या काकूंनी नेली. तिसरी दोन विटांवर आहे, ताटली नाही. गाडी कोपऱ्यावर दिसली की खाली घेऊन येते.

तुमची,
पिवळ्या जास्वंदीवाली ताई