पेडण्याच्या जागेविषयी

अल्कोतीं, पोर्तुगाल
१० नोव्हेंबर

तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गोव्यातली आपली पेडण्याची जागा विकावी की ठेवावी, असे तुम्ही विचारले होते. उत्तराला उशीर झाला, कारण मध्यंतरी कामानिमित्त माझी लिस्बनहून या सरहद्दीवरच्या छोट्या गावात रवानगी झाली, आणि इथे आल्यापासून तुमचे आरोंदे व आमचे पेडणे डोळ्यांपुढून हलत नाही.

समोर ग्वादियाना नदी, पलीकडे स्पेनमधले सानलूकार, आणि दोन्ही काठांवर एकमेकांवर पाळत ठेवणारे किल्ले. तेरेखोलचा किल्ला तेरेखोल नदीच्या तुमच्या, महाराष्ट्राच्या काठावर असूनही गोव्याचा, तसा घोळ इथे नाही. आपल्याकडे किरणपाण्याला त्या नदीवर पूल झाला, पण इथे अजून होडीनेच पलीकडे जावे लागते. स्पेनचे घड्याळ एक तास पुढे असल्यामुळे तिकडून तारेला लटकून ७२० मीटर घसरत आलेला पर्यटक निघाल्या वेळेच्या आधीच इथे उतरतो! आजोबा पोर्तुगीज अमदानीत रात्री तेरेखोलपार घड्याळे कशी नेत, हे तुम्ही दबक्या आवाजात सांगायचा. इथे त्याच चोरट्या व्यापाराचा चक्क उत्सव भरतो आणि तेवढ्या दिवसांपुरता नदीवर तरंगता पूल घालतात.

उत्सव सरला की मात्र गाव ओस पडते. ही पालिका, आसपासची खेडी धरून, ५७५ चौरस किलोमीटरची, म्हणजे पेडणे तालुक्याच्या दुपटीहून मोठी. पण २०२१ च्या जनगणनेत माणसे भरली जेमतेम अडीच हजार. साठ वर्षांपूर्वी याच्या दुपटीहून अधिक होती. रस्ते गुळगुळीत, नदीकाठ स्वच्छ, आणि दुपारी बाकांवर बसलेले सगळे सत्तरीचे. कोरडवाहू, खडकाळ शेतीवर भागेना म्हणून तरुण किनाऱ्याकडे आणि शहरांकडे गेले. सरहद्दीवरचे पहारे उठले तसा तो रात्रीचा धंदाही बसला.

पेडण्याचे दुखणे याच्या उलट आहे. तिथे माणसे आहेत, पुनवेच्या उत्सवाला पाय ठेवायला जागा नसते. पण मोप्याहून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागल्यापासून बाहेरचे गिऱ्हाईक आधी जमिनीचा भाव विचारते आणि मग गावाचे नाव. विमानतळाला माझा विरोध नाही, मी स्वतः तिथूनच निघालो. मात्र विकासाच्या नावाखाली डोंगर सपाट करून बांधलेली, वर्षातले दहा महिने कुलूप असलेली घरे मला गावाची वाढ वाटत नाहीत. इथली रिकामी घरे निदान त्यांच्याच माणसांची आहेत.

म्हणून जागा तूर्त विकू नये. दादाला म्हणावे, काजूखालचे रान काढून घे, आणि तिळारीच्या कालव्याचे पाणी आपल्या बाजूला मिळण्यासारखे आहे का, ते पालिकेत नव्हे, पाटबंधारे खात्यात विचार. मजुरीचे पैसे मी पाठवतो. येणाऱ्या गिऱ्हाइकाला भाचा परदेशात आहे, सही त्याची लागते, एवढेच सांगावे.

मामींना नमस्कार.

आपला भाचा