हँड कंट्रोलरमध्ये भारतीय प्रमाणवेळ नोंदवता येत नसल्याबाबत तक्रार

नागपूर
दिनांक : 9 फेब्रुवारी 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : संगणकीकृत दुर्बिणीच्या हँड कंट्रोलरमधील दोष दूर करण्याबाबत.

महोदय,

आमच्या शाळेच्या खगोल मंडळासाठी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून संगणकीकृत दुर्बीण खरेदी केली असून पावती व हमीपत्राच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दुर्बिणीचे आरसे आणि मोटारी यांबद्दल आमची काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती हँड कंट्रोलरची, म्हणजे दुर्बीण चालवण्याच्या हातातील बटणांच्या उपकरणाची, कारण त्यात टाइम झोन केवळ पूर्ण तासांतच निवडता येतो. पाचनंतर थेट सहा येतात. साडेपाच हा पर्यायच नाही. 1906 पासून भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते व ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, हे भारतात माल विकणाऱ्या कंपनीला ठाऊक असायलाच हवे.

आपल्या सेवा केंद्राशी संपर्क साधला असता टाइम झोन सहा ठेवावा आणि नागपूर शहरांच्या यादीत नसल्याने मुंबई निवडावी, असा सल्ला मिळाला. या सल्ल्याने चूक दुप्पट झाली. आकाश तासाला 15 अंश फिरते, त्यामुळे अर्ध्या तासाची चूक साडेसात अंशांची होते. शिवाय मुंबई नागपूरच्या सुमारे सव्वासहा अंश पश्चिमेला असल्याने तेवढी चूक त्याच दिशेने वाढते. आपल्या नेत्रिकेतून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, एका वेळी जेमतेम एक अंश आकाश दिसते.

प्रत्यक्षात काय घडले तेही सांगतो. नववीच्या विद्यार्थ्यांनी तारीख महिना आधी घालून, माहितीपुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच भरली आणि अलाइनमेंटसाठी, म्हणजे एका ताऱ्यावरून यंत्राला आकाशातील दिशा कळवण्यासाठी, मृगातील तांबूस तारा काक्षी निवडला. नळी फिरून थांबली ती काक्षी आणि प्रश्वा हा दुसरा ठळक तारा यांच्या साधारण मध्यावर, किंबहुना प्रश्वाच्याच किंचित जवळ. जवळचा ठळक तारा म्हणून मुलांनी प्रश्वा मध्यभागी आणला व बटण दाबले. त्यानंतर मृगातला तेजोमेघ मागितला तर नेत्रिकेत काहीच नव्हते. आकाश ओळखणारा माणूस योग्य तारा हाताने मध्यावर आणून बरेचसे सावरून घेतो, पण हे यंत्र मुळात ज्यांना तारे ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठीच आपण विकता. त्यांनाच ते चुकीच्या ताऱ्याकडे नेत असेल, तर जाहिरातीतील ‘बटण दाबा आणि पाहा’ या वाक्याला अर्थ उरत नाही. त्या रात्री मुलांना वाटले की आपल्यालाच काही येत नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते.

पुढे आम्हीच त्यावर तात्पुरता मार्ग काढला : टाइम झोन पाच ठेवून घड्याळातील वेळ अर्धा तास मागे भरायची, आणि यादीतील शहर न घेता नागपूरचे अक्षांश 21 अंश 9 कला उत्तर व रेखांश 79 अंश 5 कला पूर्व स्वतः घालायचे. तसे केल्यावर काक्षी लाल ठिपक्याच्या शोधकात (दुर्बिणीचा रोख दाखवणाऱ्या छोट्या साधनात) लगेच आला व नंतर तेजोमेघही नेत्रिकेत मिळाला. म्हणजे यंत्राचे गणित बरोबर आहे, त्याला खरी वेळ सांगण्याची सोय मात्र नाही. कंट्रोलर बंद केला की वेळ पुसली जाते, त्यामुळे दर वेळी नव्या विद्यार्थ्याला खोटी वेळ भरायला शिकवावे लागते. विज्ञानाच्या वर्गात हे मला पटत नाही.

तरी साडेपाच तासांचा टाइम झोन स्वीकारणारी सुधारित प्रणाली कंट्रोलरमध्ये विनाशुल्क टाकून द्यावी, ते शक्य नसल्यास कंट्रोलर बदलून द्यावा, आणि तोही उपलब्ध नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. दरम्यान वर दिलेली तात्पुरती पद्धत आपल्या सेवा केंद्रांना लेखी कळवावी, म्हणजे इतर ग्राहकांना मुंबई निवडण्याचा सल्ला मिळणार नाही. पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार नागपूर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागण्यात येईल.

कळावे,

आपला,
प्रभारी शिक्षक, खगोल मंडळ

सोबत : पावती व हमीपत्राच्या प्रती, कंट्रोलरच्या पडद्याची छायाचित्रे